घरी मराठी बोलू नका, म्हणे!

माझ्या मुलीला बोलायला शिकवलं ते माझ्या बाबांनी. म्हणजे मुद्दाम शिकवलं असं नाही. ते दिवसभर बोलत असत आणि ती ऐकत असे. आम्ही नवराबायको दोघंही कामाला. मी न्हावा शेव्याला, बंदरातला माल सोडवून देणाऱ्या एका ऑफिसात. बायको नवीन पनवेलला एका बँकेत. सुकापूरला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. आई गेल्यावर बाबांना मी उरणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावातून इथे आणलं. जन्मभर खाडीत आणि समुद्रात मासेमारी केलेला माणूस चार भिंतींत रमेल का, अशी मला काळजी होती. पण घरात तान्ही नात होती, आणि तिला सांभाळायचं काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं.

मोठ्या माणसाशी बोलावं तसं ते तिच्याशी बोलायचे. भात कालवताना, गॅलरीत कपडे वाळत घालताना, बाजारातून आणलेले मासे, खेकडे साफ करताना. "ही बग चिंबोरी. नांगी बांधलेली हाय, आता चावाची नाय. पन तू बोट नको लावूस." ती बोट लावायचीच, आणि मग त्यावर दोघांचं भांडण व्हायचं. दीड वर्षाची पोर आणि सत्तरीचा म्हातारा, दोघंही तावातावानं.

अडीच वर्षांची झाली तेव्हा ती म्हणायची, "आजा येला." "मी देली." "मम्मी ऑफिसात जाली." हे शब्द घरात कुणीच बोलत नव्हतं. बोलला, चालला, हसला. मग येला का नाही? नियम तिचा तिनंच काढला होता आणि तो सगळीकडे लावत सुटली होती. बाबा हसायचे, पण चूक आहे असं त्यांनी कधी म्हटलं नाही. "आजा येला?" असं तिनं दारातून विचारलं की ते म्हणायचे, "हां, आला आजा," आणि पिशवी खाली ठेवायचे. काही महिन्यांनी तीही "आला" म्हणायला लागली. कुणी दुरुस्त केलं नाही, कुणी रागावलं नाही.

माझी बायको साताऱ्याकडची. ती "नाही" म्हणते, बाबा "नाय" म्हणतात, मी समोर कोण आहे ते बघून बोलतो. पोरगी आईला "नाही" सांगायची आणि आजाला "नाय". तीन वर्षांच्या मुलीचा त्यात कधी गोंधळ झालेला मी पाहिला नाही. गोंधळ झाला तो पुढे, शिकलेल्या माणसांचा.

नवीन पनवेलला एका इमारतीच्या तळमजल्यावर नर्सरी होती. भिंतींवर ससे, फुलपाखरं, आणि बोर्डावर नावापुढे "इंटरनॅशनल". आमच्या बिल्डिंगमधली सगळी मुलं तिथेच जायची, आम्हीही घातलं. पहिल्या दिवशी तिथल्या मुख्य मॅडमनी पालकांना बसवून सांगितलं, "आजपासून घरी ओन्ली इंग्लिश. मराठी बोलू नका, हिंदी बोलू नका. मुलं कन्फ्यूज होतात."

मी म्हटलं, "मॅडम, दिवसभर ती माझ्या वडिलांपाशी असते. त्यांना इंग्रजी येत नाही."

"मग त्यांनी कमी बोलावं," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं, बाई गंमत करतायत. त्या गंमत करत नव्हत्या.

महिन्याभरानंतरची गोष्ट. बाबा दुपारी तिला आणायला गेले तेव्हा ती ओल्या फ्रॉकनं दारात उभी होती. तिला शू आली होती. ती टीचरपाशी जाऊन म्हणाली होती, "मला शू आली." टीचर म्हणाल्या, इंग्लिशमध्ये सांग. तिनं पुन्हा सांगितलं. टीचर म्हणाल्या, "से, मे आय गो टु द वॉशरूम." तिला ते एवढं लांबलचक येईना. तिसऱ्यांदा सांगायला ती थांबली नाही, किंवा तिला थांबता आलं नाही.

मुलं हसली. हे सगळं टीचरनंच बाबांना सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही तिच्याशी सारखं गावठी बोलता ना, म्हणून ती मागे पडते. तुमच्यामुळे तिला त्रास होतोय."

बाबांनी तिचं दप्तर उचललं. तिला रिक्षात बसवून घरी आणलं, आंघोळ घातली, कपडे बदलले. संध्याकाळी आम्ही आलो तर घर गप्प. ते खुर्चीत, ती टीव्हीसमोर. काय झालं ते मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं.

"मी उद्या जाऊन विचारतो त्यांना," मी म्हणालो.

"नको," बाबा म्हणाले. "तिला तिकडं शिकाचं हाय. माज्यामुळं तिला तरास होतो, मंग मी कशाला बोलू?"

आणि त्यांनी खरंच बोलणं सोडलं. हट्टानं किंवा रुसून नव्हे. नातीचं भलं व्हावं म्हणून. तिला भरवायचे, झोपवायचे, फिरायला न्यायचे, पण मुकाट्यानं. काही हवं असेल तर बोटानं दाखवायचे. माझी बायको बिचारी तिच्या परीनं झटायची, "कम बेबी, वॉटर पी, हँड वॉश कर." तिला इंग्रजी चांगलं येतं, बँकेचं. पण लेकराशी लाडानं बोलायचं इंग्रजी तिला कुणी शिकवलं होतं? तिच्या आईनं तिला कुठल्या इंग्रजीत थोपटलं होतं? चार वाक्यं झाली की तिचे शब्द संपायचे आणि तीही गप्प व्हायची. आमची यावरून भांडणं झाली. ती म्हणायची, "तुला शाळेत बोलीवरून हसले होते, तूच सांगितलंस ना? मग तिला नको का वाचवायला?" मी म्हणायचो, "हसणाऱ्यांचं तोंड धरायचं की आपलं?" भांडण तिथेच अडायचं.

मुलगीही बोलेनाशी झाली. आधी "आजा, हे काय? आजा, ते का?" असा भडिमार असायचा. आता हवं ते बोटानं दाखवायची, आजासारखं. नर्सरीत तर एक अक्षर नाही. मग एक दिवस तिथून निरोप आला, मुलीला स्पीचचा प्रॉब्लेम दिसतोय, डॉक्टरांना दाखवा.

आजही हे लिहिताना माझ्या अंगाची आग होते. मूल बडबडं होतं. त्याचं बोलणं तुम्ही बंद केलंत, घरातल्या माणसाचं बंद केलंत, आणि मग विचारता, मूल बोलत का नाही!

पनवेलमध्ये एका दवाखान्यात मुलांचं बोलणं तपासणाऱ्या एक बाई बसायच्या. आम्ही सगळे गेलो, बाबांनाही नेलं. बाईंनी जमिनीवर खेळणी पसरली. मुलगी मान खाली घालून बसली. बाईंनी आम्हाला खूप विचारलं. पहिला शब्द कधी, वाक्य कधी, गोष्ट सांगायची का, कोणापाशी जास्त असते. मी सगळं सांगितलं, नर्सरीतलंही.

त्या बाबांकडे वळल्या. "आजोबा, तुम्ही बोला ना तिच्याशी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "बोलू?" त्यांनी विचारलं.

आपल्याच नातीशी बोलायला माझा बाप परवानगी मागत होता. मला मान वर करून त्यांच्याकडे बघवेना. बायकोनं म्हटलं, "बोला बाबा."

खेळण्यांत एक प्लास्टिकची होडी होती. बाबा गुडघे धरत खाली बसले. ती होडी उचलून म्हणाले, "ही कुनी बनवली? हिला पुडं टोकच नाय. ही पान्यात जाईल काय?"

मुलीनं मान वर करून होडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "जाईल."

"कशी जाईल? बुडंल."

"बुडाची नाय. तू तिला धर ना पाठून. मी पुढे बसतंय."

"आनि लाट आली तं?"

"लाट आली तर आपण खाली वाकाचं, आजा! तूच बोलला नाय काय?"

बाई ऐकत होत्या. खूप वेळ ऐकू दिलं त्यांनी. मग आम्हाला म्हणाल्या, "हिच्या बोलण्यात काहीही दोष नाही. वयाच्या मानानं चांगलंच बोलते. जर-तर बोलते, वाद घालते, आठवून सांगते. हे सगळं तिला ज्या भाषेत येतं ती भाषा काढून घेऊ नका. एक भाषा मनात पक्की बसली की दुसरी शिकणं सोपं जातं. मुलं दोन-तीन भाषा सहज सांभाळतात. फक्त त्यांच्याशी कुणीतरी भरपूर, मनापासून बोलायला हवं. घरी बोलणं बंद करा असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

बायको रडायला लागली. मी रडलो नाही. मला संताप आला होता.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी नर्सरीत गेलो. मॅडमना सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, पॅरेंट्सना हेच हवं असतं. मी मराठीत बोलायला लागले तर उद्या माझ्याकडे एक मूल राहणार नाही. तुम्ही स्वतः बोर्ड बघूनच आलात ना?"

ते खरं होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. मी म्हणालो, "बोर्ड बघून आलो. पण शू आली हे तीन वर्षांचं मूल कुठल्या भाषेत सांगतं, यावर त्याला बाथरूमला सोडायचं की नाही हे ठरतं, असं बोर्डावर लिहिलेलं नव्हतं."

"ती डिसिप्लिनची गोष्ट आहे."

"आणि सत्तरीच्या माणसाला गप्प बसवणं?"

"आम्ही फक्त सजेस्ट केलं."

सजेस्ट केलं! मी तिथूनच मुलीचं दप्तर उचलून तिला घरी आणलं. वर्षाचे उरलेले दिवस ती घरीच राहिली. बाबा पुन्हा बोलायला लागले. पण सुरुवातीला मी घरात शिरलो की मध्येच थांबायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे. ते जायला वेळ लागला.

पुढे तिला मोठ्या शाळेत घातलं, इंग्रजी माध्यमाच्याच. त्यात मला लपवायचं काही नाही. माझ्या ऑफिसात परदेशी जहाज कंपन्यांच्या मेलना उत्तरं मीच लिहितो, इंग्रजी किती लागतं ते मला कळतं. मला इंग्रजीचा राग नाही. शिकवल्याचं सोंग आणून न शिकवण्याचा राग आहे.

तिसरीत असताना शाळेत पालकांना बोलावलं होतं. वर्गशिक्षिका कौतुकानं म्हणाल्या, "हिचं रीडिंग एक्सलंट आहे. वाच गं बेटा." मुलीनं पुस्तक उघडलं आणि धडाधडा वाचत गेली. इंग्रजी धडा होता, दीपगृहावरचा. एक अडखळ नाही. शेजारचे पालक माना वळवून ऐकायला लागले. बायको खूश झाली.

मी सहज विचारलं, "काय आहे गं यात?"

"कशात?" तिनं विचारलं.

"म्हणजे कशाबद्दल आहे धडा?"

"माहीत नाही," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर लाजही नव्हती. धड्यात काय आहे ते आपल्याला कळायला हवं, हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"दीपगृह बघितलंय ना तू? आजानं दाखवलं होतं, उरणहून होडीतून जाताना. दिवा लागतो ते."

"हे ते आहे?" तिनं पुस्तकाकडे बोट करून विचारलं. खरोखर चकित होऊन.

मी शिक्षिकेकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "सर, मीनिंगची काळजी करू नका. क्वेश्चन-आन्सर्स आम्ही फळ्यावर लिहून देतो. मुलं पाठ करतात. मार्क्स येतात."

दीपगृह जिच्या घरात रोजच्या बोलण्यात होतं, त्या मुलीला दीपगृहाचा धडा वाचता येत होता आणि समजत नव्हता. दोन्हींच्या मध्ये एक साधा पूल बांधायला वर्गात कुणाला फुरसत नव्हती. वर्गात पाय ठेवायला जागा नाही इतकी मुलं, हे मी पाहिलं होतं. बाईंची दया यायला हवी होती. पण "मार्क्स येतात" हे वाक्य ऐकून माझ्यातली दया संपली.

त्याच वर्षी मराठीच्या पेपरात "माझे आजोबा" या विषयावर काही ओळी लिहायच्या होत्या. इतर मुलांनी गाइडमधले आजोबा लिहिले, पहाटे उठणारे, बागेत फिरणारे, संस्कार करणारे. आमच्या मुलीनं लिहिलं, "माझा आजा खूप बोलतो. तो आता मासे पकडायला जात नाय. त्याचा गुडघा दुखतो. तो रागावला तर मी पण रागावते." पहिल्यांदाच तिनं स्वतःच्या मनानं काहीतरी लिहिलं होतं. "नाय"वर लाल फुली होती, "आजा"वर लाल फुली होती, "पण"खाली रेघ होती, 'मीही' हवं म्हणून. एवढ्यावर भागलं असतं. पण मराठीच्या बाईंनी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं, "नाय"वर जोर देऊन. वर्ग हसला.

घरी येऊन ती बाबांना म्हणाली, "तू मला शाळेतून आणायला येऊ नको."

या वेळी मी बाबांना कळूच दिलं नाही की कारण काय. पण बाईंना भेटलो. त्या वयानं मोठ्या होत्या, वर्षानुवर्षं शिकवत आलेल्या. मी म्हणालो, "बाई, चूक दाखवलीत ते बरोबर केलंत. पेपरात 'नाही' लिहायला हवं. पण हसलात का?"

"अहो, मी नाही हसले. मुलं हसली."

"तुम्ही वाचलंतच तसं."

त्या जरा चिडल्या. "मी शुद्ध मराठी शिकवते. ही गावंढळ भाषा पुढे गेली तर मार्क कापले जातील तिचे."

"माझे वडील जन्मभर हेच बोलले. मी घरी हेच बोलतो. तुम्ही आता माझ्याशी बोलताय, माझी भाषा गावंढळ वाटली का तुम्हाला?"

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

"कारण मला दोन्ही येतात," मी म्हणालो. "तिलाही दोन्ही येऊ द्या. एक शिकवताना दुसरीची लाज कशाला शिकवता?"

त्यांनी माफी मागितली नाही. "बघते," एवढंच म्हणाल्या. पुढे त्यांनी पुन्हा तसं वाचून दाखवलं नाही एवढं मात्र मुलीकडून कळलं.

वाचलेलं कळणं मात्र घरीच आलं, आणि तेही कुणी ठरवून नाही. बाबांचं शिक्षण दुसरीपर्यंतचं. अक्षर लावतात पण डोळे दुखतात. ते नातीला म्हणायचे, "वाच काय लिवलंय." ती वर्तमानपत्र घेऊन धडाधड वाचायची, शाळेत वाचायची तशी. बाबा मध्येच तोडायचे, "म्हंजे काय?" ती वैतागायची. "म्हंजे काय ते सांग, नाय तं कशाला वाचतेस?" मग तिला मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचावं लागायचं, समजून घेऊन सांगावं लागायचं. इंग्रजी गोष्टीचं पुस्तक आणलं तर त्याचीही तीच गत. तिनं वाचायचं आणि आजाला आपल्या बोलीत सांगायचं. माशाची गोष्ट निघाली की बाबा भांडायला बसायचे, असा मासा नसतोच, लिहिणाऱ्यानं समुद्र बघितलेला नाही. ती पुस्तकाची बाजू घ्यायची. बाजू घ्यायची तर पुस्तकात नक्की काय लिहिलंय ते बघावं लागायचं. असं कित्येक संध्याकाळी चाललं. बाबांना शिकवायचं वगैरे काही नव्हतं. त्यांना गोष्ट ऐकायची होती आणि कुणी अर्धवट सांगितलेलं त्यांना खपत नसे.

पाचवीत ती एक दिवस मला म्हणाली, "पप्पा, पेपरात नाही लिहायचं आणि आजाला नाय बोलायचं. त्यात एवढं काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही गं. तुझ्या बाईंना विचार." ती हसली. आजाला शाळेच्या गेटवर पुन्हा यायची परवानगीही तिनंच दिली, कारण सांगितलं नाही. बाबांनीही विचारलं नाही. नवा शर्ट घालून गेले.

आता ती सातवीत आहे. तीन-चार भाषा तोंडात आहेत आणि कुठे कुठली वापरायची ते तिला कळतं. आमचं निभावलं. पण राग गेला, असं मला म्हणता येत नाही, कारण अजून तेच चाललंय.

गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरची एक तरुण बाई भेटली. कडेवर दोन वर्षांचा मुलगा. लिफ्टच्या दारात मांजर बसलं होतं. मुलगा आनंदानं ओरडला, "माऊ!"

"नो माऊ. कॅट. से कॅट," आई म्हणाली.

मुलाचा चेहरा पडला. मला राहवलं नाही. "अहो, माऊच आहे ते. म्हणू द्या ना त्याला."

ती ओशाळली, मग जरा तोऱ्यात म्हणाली, "काका, नर्सरीतून सांगितलंय. घरी मराठी नको म्हणून."

मी तिला लिफ्टच्या बाहेर थांबवून आमच्या मुलीचं सगळं सांगितलं. माझा आवाज चढला असावा, कारण ती "बरं, बरं" करत घाईनं निघून गेली. घरी आल्यावर बायको म्हणाली, "लोकांच्या लेकरांवरून कशाला ओरडतोस?" मी म्हणालो, ओरडायलाच पाहिजे. निदान कुणीतरी.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी बेल वाजली. ती बाई दारात उभी होती, मुलाला घेऊन. "काका, तुम्ही म्हणालात त्या दवाखान्यातल्या बाई नक्की काय म्हणाल्या होत्या? परत सांगाल का? माझ्या मिस्टरांना मला नीट सांगता आलं नाही."

मी तिला आत बोलावलं आणि जेवढं आठवत होतं तेवढं सावकाश सांगितलं, या वेळी आवाज न चढवता. तिनं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. तिकडे बाबांनी त्या मुलाला मांडीवर घेतलं होतं आणि ते त्याला आमच्या गॅलरीतून दिसणाऱ्या कावळ्यांची हकीकत सांगत होते. मुलगा तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्या बाईनं तिकडे पाहिलं, पण "नो" म्हणाली नाही.

तिनं घरी जाऊन काय ठरवलं ते मला माहीत नाही.